शेतीतील अमोनिया उत्सर्जन व त्याचे नियंत्रण

जनावरांचे शेण-मूत्र, कोंबडखत आणि युरियासारखी नत्रखते यांतून हवेत उडून जाणारा अमोनिया वायू कमी करण्यासाठी केलेले कायदे आणि शेतकऱ्यांनी पाळायच्या पद्धती. शेतीमुळे होणाऱ्या वायुप्रदूषणाचा विषय निघाला की आपल्याकडे पंजाब-हरयाणातील पराली, म्हणजे शेतात जाळलेला भाताचा पेंढा, आठवते, कारण तिचा धूर दिसतो. अमोनिया दिसत नाही. बंद गोठ्यात किंवा पोल्ट्रीच्या शेडमध्ये डोळे चुरचुरले तरच तो जाणवतो, आणि म्हणूनच कायद्याचे लक्ष त्याच्याकडे फार उशिरा गेले. युरोपीय संघाच्या हवेत जाणाऱ्या अमोनियापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक शेतीतून येतो. ब्रिटनच्या २०१९ च्या स्वच्छ हवा धोरणात हा वाटा ८८ टक्के दिला आहे. कारखाने आणि वाहनांवरचे निर्बंध घट्ट होत गेल्याने तिथे गंधकाची संयुगे व नायट्रोजन ऑक्साइड बरीच घटली. अमोनिया मात्र त्या वेगाने घटला नाही.

जनावराच्या मूत्रातील युरिया एकटा असेपर्यंत सहसा उडत नाही. शेणात आणि मातीत युरिएज नावाचे विकर (एन्झाइम) असते. त्याच्याशी गाठ पडली की काही तासांतच युरियाचा अमोनिया होऊ लागतो. शेतात फेकलेल्या युरियाच्या दाण्याचेही हेच होते. तयार झालेला अमोनिया ओलाव्यात विरघळून राहील की उडेल, हे सामू (आम्ल-विम्लतेचे माप, पीएच), उष्णता आणि वारा ठरवतात. महाराष्ट्रातील चुनखडीयुक्त, विम्ल (अल्कधर्मी) जमिनींत भर उन्हावाऱ्यात ओल्या रानावर फोकलेला युरिया या तिन्ही बाजूंनी अडचणीत असतो.

हवेत गेलेल्या अमोनियापैकी काही जवळपासच्या झाडांवर व जमिनीवर उतरतो. उरलेला हवेतील सल्फ्युरिक व नायट्रिक आम्लांशी संयोग पावून अमोनियम सल्फेट आणि अमोनियम नायट्रेटचे सूक्ष्म कण बनतो. हे कण पीएम २.५ मध्ये मोडतात आणि शेकडो किलोमीटर प्रवास करतात. मार्च २०१४ मध्ये पॅरिसची हवा इतकी बिघडली की १७ तारखेला सम-विषम क्रमांकांनुसार गाड्या रस्त्यावर आणण्याचा नियम लावावा लागला. त्या कणांत अमोनियम नायट्रेटचा वाटा मोठा होता. तो काळ युरोपात वसंतातील खते टाकण्याचा. त्याच सुमारास लंडनवर धुरके आले, तेव्हा वृत्तपत्रांनी सहाराच्या वाळूला दोष दिला. नंतरच्या रासायनिक विश्लेषणात तिथेही मुख्य घटक अमोनियम नायट्रेटच निघाला. शहरातील गाड्या थांबवून अशा हवेचा अर्धाच इलाज होतो, कारण कणाचा एक घटक गाडीतून आला असला तरी दुसरा गोठ्यातून आलेला असतो.

पद्धती

अमोनिया रोखण्याचे काम साखळीसारखे आहे: चारा, गोठा, साठवण आणि शेत. एका कडीत वाचवलेला नत्र पुढच्या कडीत उघडा पडला तर तिथून उडून जातो. गोठ्यात महागडी जाळीची फरशी बसवून शेणकाला उघड्या हौदात सोडला, तर खर्च झाला आणि वायू गेलाच. म्हणून चांगले नियम शेवटच्या कडीपासून, म्हणजे शेतापासून सुरू होतात. सर्वांत स्वस्त बचतही तिथेच होते.

युरोपातील गोठ्यांत शेण, मूत्र आणि धुण्याचे पाणी मिळून पातळ काला तयार होतो. त्याला सर्रास स्लरी म्हणतात. पूर्वी ती टँकरमागच्या तबकडीवर आपटून हवेत कारंज्यासारखी उडवली जाई. थेंब हवेतून पडताना आणि नंतर गवताच्या पात्यांवर पसरून बसल्यावर, पहिल्या काही तासांतच बहुतेक नुकसान होते. त्याऐवजी लोंबत्या नळ्यांनी ती जमिनीलगत पट्ट्यांत सोडली तर उत्सर्जन सुमारे तीस ते पस्तीस टक्क्यांनी घटते. नळीच्या टोकाला फाळासारखा जोडा लावून गवत बाजूला सारत सोडली तर साठ टक्क्यांपर्यंत, आणि जमिनीत चर पाडून आत घातली तर सत्तर ते नव्वद टक्क्यांपर्यंत घट होते. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या मार्गदर्शिकेतील हे आकडे आहेत. नांगरलेल्या रानात खत टाकून लगेच पलटी मारली तर जवळपास नव्वद टक्के वायू वाचतो, तेच काम चोवीस तासांनी केले तर तीस टक्केच. खत मातीआड करायला घातलेली मुदत हाच अशा नियमांचा गाभा आहे.

साठवणीत घट्ट झाकणाने सुमारे ऐंशी टक्के बचत होते. तरंगते आच्छादन किंवा स्लरीवर आपोआप येणारी साय यांनी त्याहून कमी होते, पण साय फुकट मिळते. ती न मोडणे एवढेच करायचे. चाऱ्यात जरुरीपेक्षा जास्त प्रथिने दिली तर जास्तीचा नत्र मूत्रावाटे बाहेर पडतो. आहारातील प्रथिने एका टक्क्याने कमी केली तर उत्सर्जन पाच ते पंधरा टक्क्यांनी घटू शकते. डेन्मार्कमध्ये स्लरीत सल्फ्युरिक आम्ल मिसळून तिचा सामू उतरवण्याची पद्धतही रुळली आहे. आम्लाचा टँकर ट्रॅक्टरला जोडून शेतात न्यायचा हा प्रकार सगळ्यांना रुचेल असा नाही, पण तो काम करतो.

कायदे

सीमापार जाणाऱ्या वायुप्रदूषणाविषयीच्या गोथेनबर्ग प्रोटोकॉलने (आंतरराष्ट्रीय करार, १९९९, सुधारणा २०१२) अमोनियाला राष्ट्रीय मर्यादा घातल्या आणि सहभागी देशांना चांगल्या शेतीपद्धतींची संहिता प्रसिद्ध करणे बंधनकारक केले. इंग्लंडची अशी संहिता २०१८ मध्ये निघाली. ती मुळात सल्ला आहे. ब्रिटनने २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत सोळा टक्के घट स्वीकारली आहे. युरोपात मोठ्या पोल्ट्री व वराहपालन केंद्रांना मात्र कारखान्याप्रमाणे परवाना घ्यावा लागत आला आहे. चाळीस हजारांहून अधिक पक्षी ही त्यासाठीची ओळखीची मर्यादा. जर्मनीने १ फेब्रुवारी २०२० पासून युरिया वापरण्यावर अट घातली: त्यात युरिएज रोधक मिसळलेला असावा, नाहीतर चार तासांत तो मातीआड करावा. कायदा असा असला की शेतकऱ्याला काय करायचे ते कळते आणि अधिकाऱ्याला काय तपासायचे तेही.

नेदरलँड्सची कथा जास्त गुंतागुंतीची आहे. छोटासा देश, दाट पशुधन आणि आयात केलेला चारा. हवेतून जमिनीवर नत्र इतका उतरू लागला की हीथर या खुरट्या झुडपाच्या माळांवर गवत माजले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस सरकारने स्लरी उडवण्यावर बंदी आणली, ती जमिनीत घालणे सक्तीचे केले, साठवणीवर झाकणे आली आणि हिवाळ्यात खत टाकणे थांबले. पुढच्या दोन-अडीच दशकांत अमोनियाचे अंदाजित उत्सर्जन सुमारे दोन तृतीयांशाने उतरले. शेतीतील प्रदूषणावर कायद्याने मिळालेले इतके मोठे यश क्वचितच सापडेल. पण अडचण अशी, की तरीही अनेक संरक्षित माळ व दलदली झेपेल त्यापेक्षा जास्त नत्र झेलत राहिल्या.

२०१५ मध्ये आलेल्या नत्र कार्यक्रमात पुढे होणाऱ्या घटीचा हिशेब आधीच धरून नवे परवाने दिले जाऊ लागले. २९ मे २०१९ रोजी देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने, राड व्हान स्टाटने, तो कार्यक्रम रद्द केला: न झालेली घट वाटून देता येणार नाही. सुमारे अठरा हजार प्रकल्प अडकले, त्यांत गोठ्यांबरोबर घरबांधणी आणि रस्तेही होते. मार्च २०२० पासून महामार्गांवरील दिवसाची वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटरवर आणावी लागली. १ ऑक्टोबर २०१९ रोजी शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगमध्ये धडकले. त्या असंतोषातून पुढे आलेला शेतकरी-नागरिक पक्ष मार्च २०२३ च्या प्रांतिक निवडणुकांत पहिला आला. शेतकऱ्यांची तक्रार अगदीच निराधार नव्हती. ज्यांनी बँकेचे कर्ज काढून 'कमी उत्सर्जनाचे' प्रमाणित गोठे बांधले, त्यांनाच नंतर कळले की प्रत्यक्षात त्या फरश्या कागदावरच्या आकड्यांइतका वायू रोखतात याची खात्री नाही. २०२२ मध्ये न्यायालयानेही अशा गोठ्यांच्या परवान्यांवर हाच आक्षेप घेतला. जमिनीत स्लरी घातली की नाही हे बांधावरून दिसते; फरशीखालून किती वायू सुटला हे वर्षभर मोजल्याशिवाय कळत नाही. डच नियमांचे यश आणि अपयश बऱ्याच अंशी या फरकावर विभागलेले आहे.

भारत व महाराष्ट्र

उपग्रहांच्या नोंदींत गंगा-सिंधूचे मैदान हे जगातील अमोनियाच्या सर्वांत ठळक पट्ट्यांपैकी एक म्हणून दिसते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१५ पासून दिल्लीच्या विमानतळावर चालवलेल्या हिवाळी धुक्याच्या प्रयोगात हवेतील अमोनिया आणि अमोनियम क्षारांकडेही लक्ष दिले गेले. २००९ च्या राष्ट्रीय हवा-गुणवत्ता मानकांत अमोनिया आहे: वार्षिक सरासरी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम, चोवीस तासांची ४००. मात्र खत कसे टाकावे याची सक्ती नाही. खत नियंत्रण आदेश, १९८५ हा खताचा दर्जा, किंमत आणि विक्री पाहतो. ते शेतात गेल्यावर काय होते हा त्याचा विषय नाही. त्यात भर म्हणजे पंचेचाळीस किलोची युरियाची गोणी अनुदानामुळे २६६ रुपये ५० पैशांना मिळते. इतक्या स्वस्त वस्तूची नासाडी टाळण्यासाठी मजुरी खर्च करायला कोण तयार होईल?

२०१५ मध्ये सर्व युरियाला कडुनिंबाचे आवरण सक्तीचे झाले. त्याने युरियाची उद्योगांकडे होणारी पळवापळवी रोखणे हा एक हेतू होता. नत्र मुळांना जास्त काळ मिळावा हा दुसरा. पण कडुनिंब अमोनियाचे नायट्रेट होण्याची क्रिया मंदावतो. युरियाचा अमोनिया होण्याच्या आधीच्या पायरीला तो फारसा हात लावत नाही. त्यामुळे निंबोळी युरिया उघड्यावर फोकला तर अमोनिया उडण्याचा धोका तसाच राहतो, क्वचित वाढतोही. सरकारी प्रचारात हा भेद सहसा येत नाही.

महाराष्ट्रात याहून नेमका उपाय शेतकऱ्यांच्या हातात जुना आहे. कोरडवाहू भागातील दोन चाड्यांची पाभर बियाबरोबरच खत ओळीत, मातीआड सोडते. कोकणातील भातासाठी डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री पद्धतीत नियंत्रित अंतरावर लावणी करून चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) चौकोनात मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची गोळी, म्हणजे ब्रिकेट, चिखलात खोचतात. हेक्टरी सुमारे १७० किलो ब्रिकेट लागतात. भातखाचरातील पाण्याचा सामू शेवाळामुळे दुपारी चढतो आणि पाण्यावर फेकलेला युरिया तेव्हाच उडतो. चिखलातल्या गोळीला ती हवा लागत नाही. खत वाचते, उत्पादन वाढते. तरी ब्रिकेट वाकून खोचायला माणसे लागतात, आणि लावणीच्या दिवसांत माणसे मिळणे हीच कोकणातली मुख्य अडचण आहे.

पोल्ट्रीला मात्र नियम लागू झाले आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनी पाच हजारांहून अधिक पक्ष्यांचे फार्म प्रदूषण मंडळाच्या संमतीच्या कक्षेत आणले आणि वस्तीपासूनचे अंतर ठरवून दिले. शेडमधला अमोनिया कमी ठेवायचा तर तुसाची गादी कोरडी राहिली पाहिजे: पिण्याच्या पाण्याची गळकी निपल दुरुस्त करणे, गादी वरचेवर हलवणे आणि पडदे उघडून हवा खेळती ठेवणे. यात कोंबड्यांचाही फायदा असल्याने पोल्ट्रीवाल्यांना हे वेगळे पटवावे लागत नाही. शेडबाहेर काढलेले कोंबडखत पावसात उघडे पडू नये याची काळजी मात्र कमी घेतली जाते.

गोबरगॅस आणि आता मोठ्या बायोगॅस प्रकल्पांतून निघणाऱ्या स्लरीचा प्रश्न नवा आहे. अशा प्रकल्पांच्या सेंद्रिय खताला केंद्राने २०२३ मध्ये टनामागे पंधराशे रुपयांचे साहाय्य मंजूर केले. पचलेल्या स्लरीत नत्राचा मोठा भाग अमोनियाच्या रूपात असतो आणि तिचा सामूही ताज्या शेणापेक्षा चढा असतो, त्यामुळे ती टँकरने रानावर शिंपली तर नुकसान ताज्या शेणापेक्षा जास्त होऊ शकते. पाटाच्या पाण्यात मिसळून देणे, सरीत सोडून माती ओढणे किंवा संध्याकाळी वापरणे हे यावरचे साधे उपाय आहेत. साहाय्य मात्र विकलेल्या टनावर ठरवले गेले, ते खत कसे टाकले यावर नाही.