पॉलिप्रॉपिलीनच्या दोरात टायटॅनियम मिसळत नाहीत

हर्णैपासून मालवणपर्यंत बंदरावर ऐकू येतं, की पॉलिप्रॉपिलीनचा दोर बळकट, कारण कारखान्यात त्यात टायटॅनियम मिसळतात. हे चूक आहे. टायटॅनियम असतं उत्प्रेरकात, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थात. दोरात त्याचा नगण्य अंश उरतो. या टायटॅनियमच्या अणूला पॉलिप्रॉपिलीनची वाढती साखळी चिकटलेली असते. प्रोपिलीन या वायूचा (साखळीचा दुवा तोच) नवा रेणू त्या दोघांमध्ये शिरतो, त्याचा दुहेरी बंध उघडतो, साखळी एका दुव्याने लांबते. असं हजारो वेळा. आणि प्रत्येक रेणू एकाच ठेवणीत बसतो, हे मला सर्वांत विलक्षण वाटतं! जर्मन रसायनशास्त्रज्ञ झीगलर यांच्या उत्प्रेरकावरून इटलीचे रसायनशास्त्रज्ञ नाट्टा यांनी १९५४ मध्ये हे साधलं. १९६३ चं नोबेल दोघांना मिळालं. अशा शिस्तीतल्या साखळ्या दाटीने रचल्या जातात, तंतू ओढताना सरळ होतात. बळ तिथून येतं.