वाऱ्याविरुद्ध परत येणारे पाते: उभ्या आसाच्या पवनचक्कीमागची पार्श्वभूमी

उभ्या आसाची पवनचक्की कागदावर काढायला बसले की पहिल्या काही मिनिटांतच गाडी अडते. मधोमध उभा खांब, त्याला चार आडवे हात, प्रत्येक हाताच्या टोकाला एक फळी. वारा सुटला की एका बाजूच्या फळीला तो पुढे ढकलतो. पण त्याच वेळी समोरच्या बाजूची फळी वाऱ्याच्या तोंडावर परत येत असते आणि वारा तिलाही तेवढ्याच जोराने रेटतो. दोन्ही रेटे एकमेकांना खाऊन टाकतात आणि खांब जागचा हलत नाही. या चक्कीचा हजारेक वर्षांचा इतिहास म्हणजे परतीच्या पात्याचे काय करायचे, या एका प्रश्नाला मिळालेली वेगवेगळी उत्तरे आहेत.

ढोबळमानाने उत्तरे तीन. परतीच्या बाजूला भिंत घालून वारा अडवायचा. किंवा पात्याला असा आकार द्यायचा की एका अंगाने ते वारा धरेल आणि दुसऱ्या अंगाने सोडून देईल. किंवा पात्याला बिजागरी बसवायची, म्हणजे जाताना ते वाऱ्यासमोर आडवे राहील आणि येताना वळून वाऱ्याला फक्त आपली कड दाखवेल. तिसरे उत्तर मला सगळ्यांत देखणे वाटते. हौशी संशोधकांनाही तेच पहिल्यांदा सुचते, आणि आपल्याआधी ते कितीजणांना सुचून गेले आहे याची त्यांना बहुधा कल्पना नसते.

सुरुवात भिंतीपासून झाली. इराण आणि अफगाणिस्तान यांच्या सीमेवरच्या सिस्तान प्रांतात उन्हाळ्यात एक वारा सुटतो. तो जवळजवळ चार महिने थांबत नाही, म्हणून तिथले लोक त्याला ‘एकशे वीस दिवसांचा वारा’ म्हणतात. दहाव्या शतकात अल-इस्तख्री या भूगोलकाराने सिस्तानात वाऱ्यावर चालणाऱ्या गिरण्या असल्याचे नोंदवले आहे. त्याही आधीची एक गोष्ट सांगितली जाते. इ.स. ६४४ मध्ये खलिफा उमरची हत्या करणाऱ्या इराणी कारागिराने, आपण वाऱ्यावर फिरणारी गिरणी बांधू शकतो असे म्हटले होते म्हणे. ही गोष्ट लिहिली गेली ती मात्र पुष्कळ नंतर, त्यामुळे तिच्यावर फार भार टाकू नये. इस्तख्रीची नोंद भक्कम आहे. पुढे इ.स. १३०० च्या सुमारास अल-दिमश्कीने या गिरणीची रचनाच वर्णन करून ठेवली: दोन मजले, वरच्या मजल्यावर जाते, खालच्या मजल्यावर फिरणारी पाती, आणि वारा आत घेण्यासाठी भिंतीत बाहेरून रुंद व आतून अरुंद होत जाणाऱ्या फटी. नंतरच्या काळात मजल्यांची अदलाबदल झाली. पाती वर गेली आणि जाते खाली आले.

इराणच्या खोरासान भागातल्या नश्तिफान गावात अशा चक्क्यांची रांग आजही उभी आहे. माती, पेंढा आणि लाकूड एवढ्याच मालात ती बांधलेली आहे. २००२ साली इराणने तिला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला. या चक्क्यांची घडण बघितली की एक गोष्ट लगेच ध्यानात येते. भिंत हलत नाही, म्हणजे वाऱ्याची दिशाही बदलता कामा नये. तिथे हंगामात वारा एकाच बाजूने येतो, म्हणून ही युक्ती साधली. चारही दिशांनी वारा फिरणाऱ्या समुद्रकाठच्या गावात हीच चक्की अर्धा वेळ गप्प उभी राहील.

ही कल्पना पूर्वेकडे सरकल्याचा एक धागा मिळतो. चंगीझ खानाचा सल्लागार येलू चूत्साय हा तेराव्या शतकात त्याच्या स्वारीबरोबर मध्य आशियात गेला होता. समरकंदच्या परिसरात वाऱ्यावर धान्य दळले जाते, असे त्याने लिहिले आहे. चिनी तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिणाऱ्या जोसेफ नीडहॅम यांनी यावरून असा तर्क केला की उभ्या आसाची चक्की चीनला पश्चिमेकडूनच मिळाली असावी. तर्क पटण्याजोगा आहे, कारण दोन्हीकडे आस उभाच आहे. पण चिनी कारागिरांनी त्या चक्कीचे जे केले ते सर्वस्वी त्यांचे स्वतःचे. त्यांनी भिंत काढून टाकली आणि पाती वळती केली.

त्यांना हे सुचले ते होडीवरून, हे उघड दिसते. त्यिएनचिन बंदराच्या आसपास आणि खाली च्यांगसू प्रांताच्या किनाऱ्यावर मोठमोठी मिठागरे होती. खाडीचे पाणी थोडेसेच वर उचलून आगरांच्या वाफ्यांत सोडायचे असे. त्यासाठी लाकडी फळ्यांची साखळी पन्हळीतून पाणी ओढत वर नेते, असा रहाट वापरत. तो रहाट फिरवायला जी चक्की उभी केली, तिच्यात उभ्या खांबाभोवती लाकडी सांगाडा असतो आणि सांगाड्याच्या कडेला आठ डोलकाठ्या. प्रत्येक डोलकाठीवर चिनी गलबतावर असते तसेच, बांबूच्या आडव्या पट्ट्या घातलेले शीड. शिडाचा थोडा भाग डोलकाठीच्या पुढे आणि बराचसा मागे असतो, त्यामुळे ते डोलकाठीभोवती सहज वळते. शिडाची मोकळी कड एका दोराने सांगाड्याला बांधलेली.

आता एका शिडाचा एक फेरा पाहू. वाऱ्याबरोबर जाताना वारा शिडाला डोलकाठीभोवती फिरवू पाहतो, पण दोर ताणला जाऊन त्याला धरून ठेवतो. शीड आडवे राहते आणि सगळा रेटा दोरातून व डोलकाठीतून सांगाड्याला मिळतो. फेऱ्याच्या टोकाला पोचून शीड परतीला लागले की वारा दुसऱ्या अंगाने येतो, दोर सैल पडतो आणि शीड झेंड्यासारखे वाऱ्याच्या रेषेत उभे राहते. त्याची फक्त कड वारा कापत येते. पुढच्या टोकाला वारा पुन्हा मागच्या अंगात भरतो आणि दोर आपोआप ताठ होतो. मध्ये ना दाता, ना कळ, ना माणूस. वारा कुठूनही आला तरी चक्कीला काही फरक पडत नाही, कारण कोणते शीड धरायचे आणि कोणते सोडायचे हे त्या क्षणीचा वाराच ठरवतो. वाऱ्याला काटकोनात जाण्याच्या टप्प्यातही तिरपे धरलेले शीड होडीच्या शिडाप्रमाणे थोडे ओढ देते, हा वरचा फायदा. दोराची लांबी कमीजास्त केली की चक्कीचा जोर कमीजास्त होतो. वळत्या पात्याची याहून साधी रचना त्यानंतर कुणी केली असेल असे मला वाटत नाही.

युरोपची वाट वेगळी होती. तिथे बाराव्या शतकात आडव्या आसाची, चार पंखांची पवनचक्की आली आणि ती इतकी यशस्वी झाली की उभा आस मागेच पडला. तरी तो अधूनमधून डोके वर काढत राहिला. क्रोएशियातल्या शिबेनिक इथे जन्मलेल्या फाउस्तो व्हेरांझिओने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला व्हेनिसमध्ये यंत्रांच्या चित्रांचा मोठा ग्रंथ काढला. त्यात उभ्या आसाच्या चक्क्यांचे अनेक प्रकार आहेत. १७८८ मध्ये लंडनजवळ बॅटरसी इथे कॅप्टन स्टीफन हूपरच्या रचनेची एक उंच चक्की उभी राहिली. तिच्यात पाती आत होती आणि बाहेरून लाकडी झडपांचा पिंजरा होता. हव्या त्या बाजूच्या झडपा उघडून वारा आत घ्यायचा, नको त्या मिटायच्या. म्हणजे नश्तिफानची भिंतच, फक्त उघडझाप होणारी. तिच्यावर आधी जवसाचे तेल गाळले गेले आणि नंतर मद्याच्या भट्टीसाठी धान्य दळले गेले.

हूपरच्या आधी जवळजवळ तीस वर्षे, १७५९ मध्ये, इंग्लंडच्या जॉन स्मीटनने पाणी आणि वारा यांच्या शक्तीवर केलेले प्रयोग रॉयल सोसायटीपुढे मांडले होते. त्यात त्याने या जातीच्या चक्क्यांना फटकारले आहे. नेहमीच्या चक्कीत चारही पंख सतत काम करतात, उभ्या आसाच्या चक्कीत एका वेळी एकदुसरे पातेच कामाला येते. त्यामुळे तिची शक्ती नेहमीच्या चक्कीच्या आठव्या-दहाव्या हिश्श्याहून जास्त नसते, असा त्याचा निष्कर्ष होता.

स्मीटनचा आकडा थोडा कठोर आहे, पण दिशा बरोबर आहे, आणि इथे गणित करून बघायलाच हवे. वाऱ्याच्या रेट्याने ढकलले जाणारे पाते वाऱ्यापेक्षा जोरात कधीच धावू शकत नाही. ते वाऱ्याच्या वेगाने धावू लागले तर रेटाच उरत नाही, आणि थांबले तर रेटा असतो पण काम होत नाही. दोहोंचा मेळ पात्याचा वेग वाऱ्याच्या एक तृतीयांश असताना बसतो. त्या वेळी सपाट पाते आपल्या क्षेत्रफळातून जाणाऱ्या वाऱ्याच्या शक्तीपैकी जास्तीत जास्त १८ टक्क्यांच्या आसपास घेते. चक्कीची निम्मी रुंदी परतीच्या पात्यांनी अडवलेली असते, म्हणून पूर्ण चक्कीचा हिशेब ९ टक्क्यांवर येतो. बिजागरी कितीही चांगली असली तरी हा आकडा हलत नाही. बिजागरी परतीचा तोटा वाचवते, इतकेच तिच्या हातात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी आल्बर्ट बेट्झने दाखवलेली पवनचक्कीची वरची मर्यादा ५९ टक्के आहे, आणि लहान तीन पात्यांची साधी यंत्रेही ३० टक्क्यांपर्यंत पोचतात.

समजा चक्की ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे, वारा सेकंदाला ५ मीटर. दर चौरस मीटरमागे वाऱ्यात ७५ वॉट, म्हणजे १२ चौरस मीटरला ९०० वॉट. त्यातले हाती येतात ८० वॉट, तेही सगळे जुळून आले तर. चक्की मिनिटाला दहा-अकरा फेरे घेईल. यातून वीज करायची तर गती कित्येक पटींनी वाढवावी लागते, त्यात आणखी तोटा. पण याच ८० वॉटवर रहाट चालवला आणि निम्मी शक्ती वाटेत गेली असे धरले, तरी एक मीटर उंचीवर तासाला १४ हजार लिटर पाणी चढते. मिठागराला नेमके हेच हवे होते: उंची कमी, पाणी भरपूर, गती संथ, आणि थांबलेल्या स्थितीतून सुटायला भरपूर जोर. म्हणून या चक्कीला सरसकट नालायक ठरवणे मला अन्यायाचे वाटते. तिच्याकडून विजेची अपेक्षा करणे ही गल्लत आहे.

आकाराच्या मार्गाचे थोडक्यात. स्कॉटलंडच्या जेम्स ब्लाइथने १८८७ मध्ये वाऱ्यापासून वीज करून घर उजळले आणि पुढे मॉन्ट्रोझच्या मनोरुग्णालयासाठी उभ्या आसाचे यंत्र बसवले. १९२० च्या दशकात फिनलंडच्या सिगर्ड साव्होनियसने दोन अर्धगोल पन्हळी एकमेकींपासून थोड्या सरकवून आपला रोटर, म्हणजे वाऱ्याने फिरणारे चक्र, केला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७० च्या दशकाच्या अखेरीस याच रोटरचे कापडी शिडाचे स्वस्त रूप पाणी उपसण्यासाठी तयार झाले होते.

वळत्या पात्याचे खरे भाग्य मात्र दुसरीकडे उघडले. वाऱ्याच्या चक्कीत वारा पात्याला ढकलतो, आगबोटीच्या चाकात पाते पाण्याला ढकलते. १८२९ मध्ये एलायजा गॅलोवेने आगबोटीच्या चाकासाठी वळत्या फळ्यांचे पेटंट घेतले. केंद्रापासून जरा बाजूला बसवलेल्या एका चकतीला प्रत्येक फळी दांडीने जोडलेली असे, त्यामुळे फळी पाण्यात शिरताना आणि निघताना जवळजवळ उभी राही आणि पाणी वर फेकण्यात शक्ती वाया जात नसे. पात्याला मोकळे न सोडता प्रत्येक क्षणी किती वळायचे ते बांधून देणे, ही यातली नवी गोष्ट. १९२० च्या दशकात व्हिएन्नाच्या एर्न्स्ट श्नायडरने आणि जर्मनीच्या फॉइट कंपनीने याच तत्त्वावर बोटीखाली उभ्या पात्यांचे चक्र बसवले. बंदरात जहाजे ओढणाऱ्या टगबोटींत ते आजही आहे.

त्याच दशकात फ्रान्सच्या जॉर्ज दारिअसने पाते विमानाच्या पंखाच्या आकाराचे केले. आता पाते ढकलले जात नव्हते, पंखावर मिळणाऱ्या उचलीच्या जोरावर ते वाऱ्याच्या कित्येक पट वेगाने धावत होते. परतीच्या पात्याचा प्रश्नच मिटला, कारण परतीलाही ते ओढ देते. या रोटरची अडचण वेगळी: तो आपणहून सुरू व्हायला कुरकुरतो. इथे वळते पाते पुन्हा कामाला आले. वायुदिशादर्शक शेपटीने फिरणारी एक कळ पात्यांचा कोन थोडाथोडा बदलत राहते आणि रोटर स्वतःहून गती घेतो. अमेरिकेत मॅकडॉनेल कंपनीने अशा सरळ, वळत्या पात्यांचे ४० किलोवॉटचे यंत्र बनवले. १९८० च्या सुमारास कोलोरॅडोतल्या रॉकी फ्लॅट्स केंद्रात त्याची चाचणी झाली.

ब्रिटनमध्ये पीटर मसग्रोव्ह यांनी बिजागरी वेगळ्याच कारणासाठी लावली: वादळात पाती बाहेर कलंडावीत आणि यंत्राने वारा कमी पकडावा. १९८६ मध्ये वेल्समधल्या कार्मार्थन बे इथे २५ मीटर व्यासाचे असे यंत्र उभे राहिले. चाचण्यांत दिसले की वारा फार वाढला की पात्यावरचा प्रवाह आपोआप तुटतो आणि शक्ती मर्यादेतच राहते, पाती कलंडवण्याची गरज नाही. पुढच्या यंत्रातून बिजागरी गेली. हलणारा प्रत्येक सांधा झिजतो, वाळू खातो आणि फेऱ्यागणिक एकदा ठोकर सोसतो, त्यामुळे ती गेल्याचे अभियंत्यांना वाईट वाटले नसावे.

आज नव्याने वळत्या पात्याची चक्की आखणाऱ्याने आधी आपले पाते कोणत्या घराण्यातले ते ठरवावे. सपाट असेल तर ते संथ पाणी उपसण्यासाठीच राखावे, सांधे मोजके ठेवावेत आणि वळणारे पाते थोपवायला लोखंडी अटकावाऐवजी दोर किंवा रबर वापरावे, म्हणजे दर फेऱ्याला बसणारी ठोकर मऊ पडते. पंखाच्या आकाराचे असेल तर कोन किती आणि केव्हा बदलायचा हाच सगळा अभ्यास, आणि तो वाऱ्यावर न सोडता कळीने बांधून द्यावा लागतो. दोन्हीत यंत्राचे सगळे वजन खालच्या बेअरिंगवर येते. कॅनडातल्या काप-शा इथले ११० मीटर उंचीचे ‘एओल’ हे दारिअस जातीचे प्रचंड यंत्र १९८८ ते १९९३ अशी पाचच वर्षे चालले, आणि थांबले ते खालच्या बेअरिंगपायी.