सिकलसेल, गरोदरपण आणि छातीचं इन्फेक्शन: ‘एएस’वाल्या बायकांचं नेमकं काय?

विदर्भात किंवा नंदुरबारकडे सिकलसेल काय असतं हे कुणाला सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी एका ओळीत: रक्तातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या करणारा हा आनुवंशिक आजार; आई-वडील दोघांकडून दोष आला तर ‘एसएस’ म्हणजे पेशंट, एकाकडूनच आला तर ‘एएस’ म्हणजे नुसता वाहक. भारतात १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमध्ये त्याची पहिली नोंद झाली, पण महाराष्ट्रात सरकारी कार्यक्रम म्हणून तपासणीने जोर धरला तो २००८-०९ पासून, आणि गोंधळही तिथूनच सुरू होतो.

पहिली टेस्ट सोल्युबिलिटीची. बोटातलं थोडं रक्त नळीतल्या द्रावणात टाकायचं, मागे रेघांचा कागद धरायचा, रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळ होऊन दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. स्वस्त आहे, पटकन होते, पण एएस असो की एसएस, दोन्ही गढूळच. वाहक कोण आणि पेशंट कोण हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या लॅबच्या टेस्ट) केल्यावरच कळतं, आणि तो रिपोर्ट येईपर्यंत गरोदर बाई नुसती ‘सिकल पॉझिटिव्ह’.

फरक मोठा आहे. एसएसमध्ये प्लीहा (इन्फेक्शनशी लढायला मदत करणारा पोटातला अवयव) लहानपणीच निकामी होत जाते, न्यूमोनिया जिवावर बेतू शकतो, त्यात गरोदरपणी ऑक्सिजनची गरज वाढलेली. एएसमध्ये निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन नॉर्मल असतं. लघवीचं इन्फेक्शन आणि रक्ताच्या गाठी यांच्याकडे लक्ष ठेवावं लागतं, पण नुसत्या एएसमुळे न्यूमोनिया जास्त होतो असं पक्कं दिसलेलं नाही. कोविडमध्येही एएसबद्दलचे अभ्यास उलटसुलटच आले.

छातीच्या इन्फेक्शनमध्ये गरोदरपणाचा धोका मात्र वेगळा, तो सगळ्यांनाच. २००९ च्या स्वाइन फ्लूमध्ये ते जगभर दिसलं होतं. तरी १६ जानेवारी २०२१ ला कोविडची लस सुरू झाली तेव्हा गरोदर बायका बाहेर, कारण ट्रायलमध्ये त्यांना घेतलंच नव्हतं. १ मार्चला सहव्याधींची यादी आली, तिच्यात सिकलसेलचा आजार होता, पण वयाची अट ४५ च्या पुढची! म्हणजे ज्या वयात मुलं होतात त्या वयातली एसएस बाई यादीत असून नसल्यासारखी. १ मेपासून १८ च्या वरच्यांना लस खुली झाली, १९ मेला अंगावर पाजणाऱ्या आयांना परवानगी मिळाली, आणि गरोदर बायकांना २ जुलैला, म्हणजे दुसरी लाट ओसरल्यावर. माहिती नव्हती हे कारण जानेवारीत चाललं असतं, एप्रिलमध्ये नाही. निदान एसएसवाल्यांना तरी डॉक्टरांच्या सल्ल्याने लस घेऊ द्यायला हवी होती, असं मला आजही ठामपणे वाटतं. आणि एएसवाल्या? त्या यादीत नव्हत्या ते बरोबरच होतं, पण आपण नक्की एएसच आहोत हे सांगणारा रिपोर्ट हातात असेल तरच ना.

१ जुलै २०२३ ला देशपातळीवरचं मिशन सुरू झालं, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी, आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचं टार्गेट. त्यात कार्ड मिळतं, पण त्यावर एएस की एसएस हे स्पष्ट बघून घ्या, आणि एएस असेल तर नवऱ्याची टेस्ट पहिल्या तीन महिन्यांतच करून घ्या, कारण तोही एएस निघाला तर प्रत्येक खेपेला बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के.