अँपमधून घूंऽऽ येतंय: ग्राउंड सुटलाय की ग्राउंड लूप झालाय?

गिटार लावली आणि अँपमधून घूं सुरू झालं की जो तो म्हणतो ग्राउंडिंगचा लोचा आहे. असतोही, पण हे लोचे दोन आहेत आणि एकमेकांच्या बरोब्बर उलटे. एकात ग्राउंडची वायर कुठेतरी सुटलेली असते, दुसऱ्यात ग्राउंडकडे जायला एक वाट जास्तीची झालेली असते. म्हणजे एकीकडे जोडायचं, दुसरीकडे तोडायचं, आणि नेमकं उलटं करत बसलं की अख्खा रविवार जातो (माझा गेलाय).

आधी सुटलेला ग्राउंड. तारांना हात लावला की आवाज कमी होतो, याला बरेच जण बिघाड समजतात, पण ती उलट वायर शाबूत असल्याची खूण आहे, कारण आपलं शरीर अँटेनासारखं आजूबाजूची खरखर पकडतं आणि तारांना हात लागला की ती ग्राउंडला जाते. तारांना हात लावून काहीच फरक नाही पण जॅकच्या (केबल खुपसायच्या भोकाच्या) धातूला लावला की शांत, तर ब्रिजची, म्हणजे तारा खाली जिथे टेकतात त्या धातूच्या भागाची, ग्राउंड वायर गेली. ट्रेमोलोवाल्या (दांड्याने ब्रिज हलवता येतो अशा) गिटारमध्ये ती मागे स्प्रिंगांच्या पट्टीला सोल्डर केलेली असते, फिक्स ब्रिजमध्ये बऱ्याचदा नुसती खाली दाबलेली. हात लावल्यावर आवाज वाढला तर जॅकवरच्या दोन वायरी उलट्या लागल्यात का बघा.

माझ्या गिटारमध्ये व्हॉल्यूम पॉटच्या (आवाजाच्या नॉबखालच्या डबीच्या) पाठीवर राखाडी, खडबडीत सोल्डरचा गोळा होता, नखाने ढकलला तर निघालाच. पॉटची पाठ पॉलिश पेपरने घासायची आणि सोल्डरिंग आयर्न दमदार घ्यायची, २५ वॅटची त्या पत्र्यावर गार पडते. मग मल्टीमीटर ब्रिज आणि जॅकच्या ग्राउंडवर ठेवायचा, १-२ ओहमच्या आत आलं की झालं.

ग्राउंड लूपला या सगळ्याशी देणंघेणं नाही. नुसती गिटार आणि एक अँप असेल तर तो सहसा होतच नाही. अर्थिंग असलेली दोन उपकरणं केबलने जोडली, समजा दोन अँप, किंवा अँप आणि कॉम्प्युटर, की मग होतो. दोघांच्या अर्थमधल्या बारीकशा फरकामुळे केबलच्या जाळीतून (आतल्या वायरभोवतीच्या धातूच्या वेष्टनातून) करंट वाहतो आणि अँप तो मोठा करून ऐकवतो. मधली केबल काढली की घूं बंद, तारांना हात लावा न लावा, फरक शून्य. सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, तरी राहिलं तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (वायरी थेट न जोडता सिग्नल पलीकडे देणारा) किंवा ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे ग्राउंडची जोडणी तोडायचं, बटण असलेला डीआय बॉक्स (सिग्नल पुढे पाठवायचा छोटा डबा).

प्लगची अर्थ पिन मात्र काढायची नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. घूं जाईलही, पण उद्या अँपमध्ये काही फुटलं तर लाइव्ह व्होल्टेज चेसिसवरून (अँपच्या धातूच्या सांगाड्यावरून) केबलच्या जाळीतून थेट तारांवर येणार, आणि तेव्हा तुमचे ओठ माइकला लागलेले असतील.

गिटारच्या आत खरखर अडवायला धातूची फॉइल लावल्याने लूप होतो अशी एक भीती असते, तिच्यामागे लागू नका, इतक्या छोट्या लूपचा आवाज जवळपास ऐकूच येत नाही.

आणि गिटारचा पिकअप (तारांची थरथर पकडणारा भाग) सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीचा, असेल तर आधी गिटार घेऊन जागच्या जागी गोल फिरा. दिशेप्रमाणे घूं कमीजास्त होत असेल तर तो पिकअपच घेतोय, आयर्न ठेवून द्या आणि अँपपासून जरा लांब बसा.