कॉमिक्स कोडचा शिक्का नसलेला अंक मुलांसाठी अयोग्यच असतो का?

जुन्या अमेरिकी सुपरहिरो कॉमिकवर ‘कॉमिक्स कोड’चा, म्हणजे कॉमिक्समध्ये काय दाखवावे याच्या नियमावलीचा, मान्यतेचा शिक्का नसेल, तर सरकारने ते मुलांसाठी अयोग्य ठरवले होते, हा समज चुकीचा आहे. १९५४ मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये कॉमिक्सविषयी झालेल्या सुनावण्यांनंतर प्रकाशकांच्याच संघटनेने ही संहिता केली. तो कायदा कधीच नव्हता, आणि डिस्नेची कॉमिक्स छापणारी डेल कंपनी तर तीत सामीलही झाली नाही. १९७१ मध्ये ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’चे ९६ ते ९८ हे अंक शिक्क्याविना निघाले, कारण सरकारच्याच आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याच्या विनंतीवरून लिहिलेल्या त्या कथेत अमली पदार्थांचे दुष्परिणाम दाखवले होते, आणि संहितेच्या प्रशासकांना तो विषयच मान्य नव्हता. ही कथा किशोरवयीन मुलांसोबत पालकांनी अवश्य वाचावी, असे मला मनापासून वाटते. त्याच वर्षी संहितेत सुधारणा होऊन, व्यसन घातक म्हणून दाखवण्यास मुभा मिळाली.