मॅन्युअल आहे, पण उघडत नाही

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या किंवा शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या जुन्या मशीनशॉपच्या कोपऱ्यात कधी कधी विंडोज एक्सपीचा संगणक दिसतो, वर प्लॅस्टिक पांघरलेला. त्याच्यावर काम कुणी करत नाही. मशीनबरोबर आलेल्या सॉफ्टवेअरचं मॅन्युअल सीडीवर '.एचएलपी' फाइलमध्ये आहे आणि ती नव्या संगणकावर उघडत नाही, एवढ्यासाठीच तो सांभाळलेला असतो. शेजारच्या कपाटात त्याहून जुन्या लेथचं छापील पुस्तक असतं. त्यावर ग्रीसचे अंगठे उमटलेले असतात, पण ते वाचायला डोळे सोडून काही लागत नाही.

मॅन्युअल संगणकावर वाचायची पद्धत जुनीच. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं पहिलं मॅन्युअल नोव्हेंबर १९७१ मधलं. पुढे ते आज्ञा देऊन पडद्यावर वाचता येऊ लागलं, पण त्यामागची फाइल साध्या मजकुराची, थोड्या खुणा घातलेली. अशी फाइल कुठल्याही एडिटरात उघडते.

वाट बदलली ती मे १९९० मध्ये. विंडोज ३.० बरोबर मायक्रोसॉफ्टनं विनहेल्प आणलं, '.एचएलपी' फाइली पडद्यावर दाखवणारा प्रोग्रॅम. शब्दावर क्लिक केलं की त्याचं पान समोर, शोधायची सोय वेगळी. त्या काळी ही चैनच होती. सॉफ्टवेअर विकणाऱ्यांचा फायदा त्याहून मोठा होता. जाडजूड पुस्तकांच्या छपाईचा आणि वाहतुकीचा खर्च वाचला, सगळं फ्लॉपीत मावलं.

ही फाइल बनायची कशी, ते पाहण्यासारखं आहे. लेखक वर्डमध्ये आरटीएफ फाइल, म्हणजे मांडणीच्या खुणा असलेला मजकूर, लिहायचा. प्रत्येक विषयाला तळटिपा जोडायचा: # ची तळटीप म्हणजे त्या पानाची ओळख, $ म्हणजे शीर्षक, इंग्रजी के म्हणजे शोधशब्द. मग कंपायलर नावाचा प्रोग्रॅम त्या सगळ्याची एक बंद फाइल करायचा. तिची आतली रचना मायक्रोसॉफ्टनं जाहीर केली नव्हती, त्यामुळे वाचायचं तर त्यांच्याच प्रोग्रॅममधून. विंडोज ९५ पासून अनुक्रमणिका वेगळ्या '.सीएनटी' फाइलमध्ये गेली. कुणी फक्त '.एचएलपी' कॉपी करून नेली की अनुक्रमणिका मागेच राहायची. विनहेल्पमध्ये युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची एकच अक्षरपद्धत, नव्हतं; मराठीत हेल्प लिहायची तर डीटीपीवाल्यांसारखी फाँटची कसरत आली असती.

१९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टचंच पुढचं हेल्प, '.सीएचएम', आलं. ही एचटीएमएलची, म्हणजे वेबसाइटसारखी पानं, दाबून एका फाइलीत बसवलेली आणि इंटरनेट एक्स्प्लोररच्या इंजिनातून दाखवलेली. इंजिन ब्राउझरचं, त्यामुळे ब्राउझरचे धोकेही आले. २००५ मध्ये सुरक्षेसाठी निर्बंध घातले गेले, आणि तेव्हापासून ऑफिसच्या सर्व्हरवर ठेवलेली सीएचएम उघडली की डावीकडे अनुक्रमणिका दिसते, उजवीकडे पान कोरं. फाइल खराब झाली समजून लोक पुन्हा पुन्हा डाउनलोड करत बसतात. खरं तर ती आपल्या डिस्कवर घ्यायची, प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'अनब्लॉक' करायचं. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

विनहेल्पचं तसं झालं नाही. व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टनं ते विंडोजमधून काढलं. काही वर्षं ते वेगळं डाउनलोड करता यायचं, विंडोज १० साठी तेही मिळालं नाही. काढण्यामागची कारणं त्यांच्या दृष्टीनं बरोबर असतील. पण मॅन्युअल लिहिणारा एक, विकत घेणारा दुसरा, आणि ते किती वर्षं वाचता येईल हे ठरवणारा तिसराच, हा व्यवहार उद्यमनगरात कुणी हातात पैसे देऊन मान्य केला नसता.

पीडीएफची गोष्ट थोडी वेगळी. तेही १९९३ साली एका कंपनीचंच, अडोबीचं, आणि सुरुवातीला त्याचा रीडरसुद्धा विकत होता. तो पुढे फुकट झाला. रचना आधीपासून छापून जाहीर होती आणि २००८ मध्ये तिला आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकाचा दर्जा मिळाला. त्यामुळे आज दहा वेगवेगळे प्रोग्रॅम तीच फाइल उघडतात.

बंद फाइलींची कुलपं शेवटी बाहेरच्या लोकांनीच उघडली. सीएचएम आता सेव्हन-झिप या दाबलेल्या फाइली उघडणाऱ्या प्रोग्रॅमनं सोडवता येते, आतली एचटीएमएल पानं कुठल्याही ब्राउझरात दिसतात. एचएलपीसाठी हेल्पडेको नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे. तो फाइल उलट्या दिशेनं उलगडतो आणि हातात आरटीएफ देतो, लेखकाच्या #, $ आणि के च्या तळटिपांसकट.