घरातला आरडाओरडा शिकला कसा जातो?

मोबाइल काढून घेताच तेरा-चौदा वर्षांचा मुलगा समोरचे ताट भिरकावतो, आईला अद्वातद्वा बोलतो, शाळेतून त्याच्याविषयी तक्रारी येतात आणि मधूनच एखाद्या सकाळी तो शाळेत जायलाच ठाम नकार देतो. अशा घराविषयी नातेवाईक आणि शेजारीपाजारी साधारणपणे दोनच निदाने करतात: एक तर मुलगा लाडावला आहे, किंवा घरात कुणाचा धाक उरलेला नाही. दोन्ही निदानांत दोष कुणाच्या तरी स्वभावावर टाकला जातो. संशोधनातून मात्र वेगळेच चित्र दिसते, आणि ते पालकांना बरेच बळ देणारे आहे.

अमेरिकेतील ओरेगॉन येथील मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन आणि त्यांचे सहकारी प्रत्यक्ष घरांत जाऊन बसत, आणि कुटुंबातील कोण काय बोलले व त्यावर लगेच काय घडले, याच्या क्षणाक्षणाच्या नोंदी करत. त्यातून हाती आलेला सिद्धांत त्यांनी १९८२ मध्ये सविस्तर मांडला. त्यांच्या मते आक्रमक वर्तनाचा मोठा भाग घरातल्या घरात, कुणाच्याही नकळत, दोन्ही बाजूंनी एकमेकांना शिकवला जातो.

सोलापूरच्या पूर्व भागातील एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. वडील यंत्रमागाच्या रात्रपाळीला गेले आहेत, आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळते आहे आणि सकाळी कारखान्यात द्यायचा आकडा अजून पूर्ण झालेला नाही. ती मुलाला मोबाइल ठेवून अभ्यासाला बसायला सांगते, तो ऐकत नाही, तिचा आवाज चढतो, त्याचा त्याहून वर चढतो, तो दाराला लाथ मारतो, आणि शेवटी भिंतीपलीकडच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून ती म्हणते, ‘जा, काय करायचं ते कर.’ त्या क्षणी घर शांत होते आणि दोघांनाही सुटल्यासारखे वाटते. ही सुटकाच खरी शिकवण असते: मोठ्याने ओरडले की नको असलेले काम टळते, हे मुलगा शिकतो, माघार घेतली की गोंधळ थांबतो, हे आई शिकते. दुसऱ्या दिवशी वडील थोबाडीत मारतात, मुलगा गप्प होतो आणि मारल्याने काम होते, हे वडील शिकतात. यांपैकी कुणीही हे जाणूनबुजून निवडलेले नसते.

हे चक्र गरिबीतून येते, असे मात्र नाही. जुळे सोलापुरातील नोकरदार जोडप्याच्या बंगल्यातही ते तसेच फिरते, माघार घेण्याची कारणे तेवढी बदलतात. थकलेल्या माणसाकडून माघार लवकर घेतली जाते, इतकेच. शिवाय चार दिवस ठाम राहून पाचव्या दिवशी नमते घेतले, तर हट्ट कमी होण्याऐवजी अधिक चिवट होतो, कारण अधूनमधून फळ देणारे वर्तन नेहमी फळ देणाऱ्या वर्तनापेक्षा उशिरा सुटते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या काळापासून हे प्रयोगांत पुनःपुन्हा दिसून आले आहे.

याच वयात हे इतके तीव्र का होते, याचे काही उत्तर मेंदूच्या वाढीत आहे. भावना आणि बक्षीस यांना प्रतिसाद देणारे भाग वयात येताना अधिक संवेदनशील होतात, तर आवर घालणारा कपाळामागचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो. झोपेचे घड्याळही या वयात पुढे सरकते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते. पण एप्रिलमध्ये पत्र्याचे छप्पर मध्यरात्रीपर्यंत तापलेले असते आणि शाळा तर सकाळची झालेली असते. झोप अपुरी झालेल्या मुलाशी सकाळी वाद घालण्यात काही अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मारण्याविषयी पुरावा बराच स्पष्ट आहे. पाच दशकांतील अभ्यासांमधील सुमारे १,६०,००० मुलांची माहिती २०१६ मध्ये एकत्र तपासली गेली, तेव्हा शारीरिक शिक्षेचा संबंध अधिक आक्रमकपणाशी आणि अधिक मानसिक त्रासाशी आढळला. दीर्घकाळ चांगले वागण्याशी नव्हे.

चक्र मोडण्याची सुरुवात मोठ्यांकडून होते, कारण आवर घालण्याची क्षमता त्यांच्याकडे अधिक असते. नियम दोन-तीनच ठेवावेत. सूचना जवळ जाऊन, साध्या आवाजात, एकदा द्यावी. परिणाम लहान, ठरलेला आणि लवकर अमलात येणारा असावा: उद्या मोबाइल अर्धा तास कमी, हे पाळता येते, महिनाभर बंद, हे कुणालाच पाळता येत नाही आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा माघार घडते. याहून महत्त्वाचे म्हणजे मुलाने रागावर आवर घातला, भावंडाला मदत केली, न सांगता पाणी भरले, की त्याच क्षणी ते नेमक्या शब्दांत बोलून दाखवावे. बहुतेक घरांत चांगल्या वागण्याकडे कुणाचे लक्ष जात नाही आणि आदळआपटीकडे मात्र सगळे घर धावते.

पालकांना कुणी सहसा सांगत नाही अशी एक गोष्ट आहे. माघार बंद केल्यावर सुरुवातीला मुलाचे वागणे अनेकदा आणखी बिघडते. पूर्वी चालणारा उपाय चालेनासा झाला, म्हणून तो जोर वाढवतो. नेमक्या याच टप्प्यावर, उपाय फसला असे समजून, घरे हार मानतात.

मात्र प्रत्येक चिडचिडीमागे हे चक्र नसते. किशोरवयातील नैराश्य कित्येकदा उदासीऐवजी चिडचिडीच्या रूपात दिसते. वाचन-लेखनातील अक्षमता किंवा लक्ष न टिकणे लपवण्यासाठीही मूल वर्गात दंगा करते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले होते. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक, मित्र आणि आवडी बदललेल्या दिसल्या, तर सिव्हिल रुग्णालयातील मानसोपचार विभागात दाखवावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही बोलता येते.

मूल मरणाची भाषा करत असेल, तर त्याला थेट विचारावे: जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ‘हो’ असे उत्तर आले, तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे, आणि घरातील औषधांच्या गोळ्या व शेतावरील फवारणीची औषधे त्याआधी कुलुपात ठेवावीत.